पोकेमॉनची स्पेशल कार्डं: ईएक्स, व्हीमॅक्स, टेरा, एस स्पेक, कुणाला कुठला नियम लागतो

विजापूर रोडला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा सातवीत, तो आणि त्याचा आतेभाऊ सुट्टीत दिवसभर पोकेमॉन कार्डं खेळायलेत आणि दर डावाला भांडण. मुद्दे चार आहेत. आतेभाऊ म्हणतो चार चार्झार्ड आणि वर चार चार्झार्ड ईएक्स लावता येतात, खरं का? व्हीमॅक्स पडलं की प्राइझ दोन घ्यायची की तीन? टेरा कार्ड बेंचवर (म्हणजे मागच्या राखीव जागी) असलं की त्याला काहीच होत नाही का? आणि स्पेशल एनर्जी (एनर्जी म्हणजे हल्ला करायला पोकेमॉनला लावायचं कार्ड) कितीपण चालते का?

ताई, यातलं बरंचसं कार्डावरच छापलेलं असतं, पोरं तिकडं बघत नाहीत इतकंच, ती चित्र बघतात आणि एचपी (किती मार झेलतो तो आकडा) बघतात. मी रविवारी आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये चादर अंथरून आजूबाजूच्या पोरांना खेळवतो (चादर यासाठी की शहाबादी फरशीवर कार्डाच्या कडा घासून पांढऱ्या पडतात), आणि नवीन पोरगं आलं की त्याला पहिल्यांदा कार्डावरच्या तीन जागा दाखवतो. वरती नाव, आणि त्याच्या शेजारी बेसिक, स्टेज 1 की स्टेज 2 ते (बेसिक थेट खाली ठेवायचा, स्टेज 1 बेसिकवर चढतो, स्टेज 2 स्टेज 1 वर, यालाच इव्हॉल्व्ह म्हणतात). खालच्या बाजूला चौकटीत बारीक अक्षरात नियम, त्याला रूल बॉक्स म्हणतात. आणि एकदम खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटं इंग्रजी अक्षर, रेग्युलेशन मार्क. कार्ड सोनेरी आहे, फुल आर्ट आहे, तिरकं धरलं की इंद्रधनुष्य दिसतं, याचा खेळाशी काडीचा संबंध नाही. साधा चार्मँडर आणि महागातला चित्रवाला चार्मँडर, मजकूर तोच असेल तर टेबलावर दोघांची किंमत एकच.

आता पहिलं भांडण. डेक बरोबर 60 कार्डांचा, आणि एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं, बेसिक एनर्जी सोडून. ईएक्स, जीएक्स, व्ही, व्हीमॅक्स ही अक्षरं नावाचाच भाग धरतात, त्यामुळं चार्झार्ड वेगळा आणि चार्झार्ड ईएक्स वेगळा, चार अधिक चार चालतात, आतेभाऊ बरोबर आहे. पण बरोबर असून उपयोग काय ते त्याला विचारा. दोघंही स्टेज 2, दोघांनाही खाली चार्मँडर लागतो, आणि चार्मँडर वेगवेगळ्या सेटमधले असले, हल्ला वेगळा, एचपी वेगळा असला तरी नाव एकच, म्हणून सगळे मिळून चारच. म्हणजे खाली चार पिल्लं आणि वर आठ चार्झार्ड, निम्मे हातात कुजत बसणार. नियमात बसतं ते सगळं डेकमध्ये कोंबायचं नसतं, हे पोरांना पटवायला मला नियम शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

नावाचा नियम उलट्या बाजूनं पण चावतो. 2025 मध्ये मालकाच्या नावाची कार्डं परत आली, एन्स झोरुआ, टीम रॉकेट्स मूटू वगैरे. एन्स झोरोआर्क ईएक्स हा फक्त एन्स झोरुआवरच चढतो, साध्या झोरुआवर नाही. गॅलेरियन वगैरे प्रदेशाचं नाव पुढं असलं तरी तसंच. ‘इव्हॉल्व्हज फ्रॉम’ च्या पुढं जे नाव लिहिलंय ते अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, बस्स.

दुसरा प्रश्न प्राइझचा, आणि इथं मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते स्पेशल कार्डांचा सगळा खेळ यातच आहे. दोघांपुढं सहा-सहा प्राइझ कार्डं पालथी असतात, समोरच्याचा पोकेमॉन पाडला की आपली उचलायची, सहा संपली की जिंकलो. साधा पोकेमॉन पडला तर एक. ईएक्स पडला तर दोन. जीएक्स दोन, व्ही दोन, व्हीस्टार दोन. व्हीमॅक्स तीन, टॅग टीम तीन, चार कार्डं जोडून होणारं व्ही-युनियन तीन, आणि 2025 पासून आलेले नवे मेगा ईएक्स पण तीन. तेव्हा ताई, व्हीमॅक्सला तीन. कार्डाच्या खाली रूल बॉक्समध्ये तेच लिहिलंय, वाचून दाखवा आणि विषय संपवा.

भारी कार्ड म्हणजे उधारीवर आणलेला माल आहे असं समजा. आत्ता 330 एचपी मिळाली, तगडा हल्ला मिळाला, पण तो पडला की समोरचा एका दमात दोन-तीन प्राइझ वसूल करतो. ज्याचा डेक नुसत्या ईएक्सचा, त्याला हरवायला समोरच्याला तीनच वेळा पाडायचंय, दोन-दोन-दोन. नुसते व्हीमॅक्स असतील तर दोनदाच. पण त्याच ईएक्सवाल्यानं मध्येच एखादा एक प्राइझवाला साधा पोकेमॉन पुढं सरकवला तर हिशोब दोन, एक, दोन आणि मग अजून एक लागतंच, म्हणजे समोरच्याला चौथ्यांदा कष्ट करावे लागतात. एवढ्या एका चालीवर डाव फिरलेले मी बघितलेत. आमच्याकडं एक आठवीतला पोरगा आहे, त्याच्याकडं महागडं एकही कार्ड नाही, सगळे एक प्राइझवाले, आणि तो ईएक्सवाल्यांना निवांत रडवतो कारण त्याला सहा वेळा पाडावं लागतं.

चार्झार्ड ईएक्सचंच घ्या, तुमच्या घरात तोच आहे असं दिसतंय, 2023 च्या ऑब्सिडियन फ्लेम्स सेटमधला. स्टेज 2, एचपी 330, आणि गंमत म्हणजे हा फायर नाही, डार्क टाइपचा आहे, वीकनेस ग्रास, म्हणजे ग्रास टाइपचा मार त्याला जास्त लागतो. टीव्हीवरचं कार्टून आठवून ‘चार्झार्डला पाणी लागतं’ म्हणत वॉटरचा डेक आणणारी पोरं इथंच फसतात. हातातून चार्झार्ड टाकून इव्हॉल्व्ह केलं की इन्फर्नल रेन नावाची अबिलिटी (हल्ल्याशिवायची खास ताकद) चालते, डेकमधून तीन बेसिक फायर एनर्जी शोधून आपल्या पोकेमॉनना हव्या तशा लावायच्या. हल्ला 180 चा, आणि समोरच्यानं आतापर्यंत जितकी प्राइझ घेतली त्या प्रत्येकीचे 30 जास्त. समोरच्याची चार झाली असतील तर 180 अधिक 120, तीनशे. म्हणजे मागं पडलेल्याला बळ देणारं कार्ड आहे हे. तुमचा मुलगा ते पहिल्याच फटक्याला पुढं आणून 180 मारत असेल तर कार्ड वाया चाललंय.

तिसरा, टेरा. टेरा पोकेमॉन बेंचवर असेपर्यंत हल्ल्याचं डॅमेज त्याला लागत नाही, स्वतःच्या हल्ल्याचं पण नाही आणि समोरच्याच्या पण नाही. तो पुढं ॲक्टिव्ह जागी आला की सगळं संरक्षण गेलं, तिथं तो बाकीच्यांसारखाच मार खातो. इथपर्यंत पोरांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की ‘डॅमेज’ आणि ‘डॅमेज काउंटर ठेवणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रॅगापल्ट ईएक्सचा फँटम डाइव्ह हा हल्ला बघा. पुढच्याला 200 डॅमेज, आणि बेंचवर सहा डॅमेज काउंटर हवे तसे ठेवा. ते 200 म्हणजे डॅमेज, ते सहा काउंटर म्हणजे नुसते ठेवलेले काउंटर. एक काउंटर म्हणजे 10, तर बेंचवर आरामात बसलेल्या तुमच्या टेरा चार्झार्डवर कायदेशीर 60 चढतात, 330 चे 270 राहिले, टेराचा नियम तिथं मधी येत नाही. डस्कनॉइर तर अबिलिटीनं स्वतः पडून एकाच पोकेमॉनवर तेरा काउंटर ठेवतो, म्हणजे 130, तिथं पण टेरा काही करत नाही. मागच्या महिन्यात याच्यावरून आमच्याकडं एवढा आरडाओरडा, ‘काका हा चीटिंग करायलाय’, शेवटी दोघांना कार्ड हातात देऊन मोठ्यानं वाचायला लावलं. ‘डज’ लिहिलंय का ‘पुट’ लिहिलंय, त्या एका क्रियापदावर सगळं आहे.

चौथ्याकडं जायच्या आधी, न विचारलेलं पण उद्या भांडण होणारच असलेलं. काही ताकदी अख्ख्या डावात एकदाच वापरता येतात. जीएक्स हल्ला डावात एकदाच, तुमच्याकडं पाच जीएक्स असले तरी सगळ्यांत मिळून एक. व्हीस्टार पॉवर पण तशीच, ती कधी हल्ला असते कधी अबिलिटी, कुठलीही एक वापरली की संपलं. टेबलावर एखादं नाणं ठेवा आणि वापरलं की उलटं करा, नाहीतर ‘मी वापरलंच नाही’ सुरू होतं.

मेगाचा घोळ मोठा आहे, कारण नाव एक आणि पिढ्या दोन. 2014 पासूनचे जुने मेगा, नावाच्या आधी एम लिहिलेले, ते मोठ्या अक्षरातल्या ईएक्सवर (EX) चढायचे आणि चढवलं की तुमची पाळी तिथंच संपायची, त्या पोकेमॉनचं स्पिरिट लिंक हे टूल आधी लावलेलं असेल तरच पाळी वाचायची. 2025 चे नवे मेगा ईएक्स, नावात पूर्ण मेगा लिहिलेलं, त्यांना पाळी संपायचा नियम नाही. शिवाय ते ईएक्सवर चढत नाहीत, मेगा लुकारिओ ईएक्स सरळ रिओलूवर चढतो, आणि मेगा कंगासखान ईएक्स तर चक्क बेसिक आहे, थेट हातातून खाली. जुन्या पिढीचा नियम नव्याला लावू नका. ईएक्सचं पण तेच, 2003 पासून छोट्या अक्षरातले, 2012 पासून मोठ्या अक्षरातले, 2023 पासून परत छोट्या अक्षरातले, तिन्हीला दोन प्राइझ, पण मोठ्या अक्षरातले सगळे बेसिक (त्यांच्यावर चढणारे ते मेगा सोडून) आणि छोट्या अक्षरातले बेसिक, स्टेज 1, स्टेज 2 काहीही असू शकतात.

डेक लावतानाची बंधनं. रेडियंट पोकेमॉन, 2022 मध्ये आलेले, अख्ख्या डेकमध्ये एकच. रेडियंट चार्झार्ड एक आणि रेडियंट ग्रेनिंजा एक असं चालत नाही, दोघांपैकी कोण ते ठरवा. पाडला तर प्राइझ मात्र एकच, म्हणून मला ही कार्डं फार आवडतात, रूल बॉक्स आहे पण समोरच्याला जादा काही मिळत नाही. त्याआधीचे प्रिझम स्टार (2018) वेगळे, तिथं प्रत्येक नावाचं एक, म्हणजे चार वेगळ्या नावांचे चार चालतात, आणि ते डिस्कार्डमध्ये (वापरून टाकलेल्या गठ्ठ्यात) न जाता लॉस्ट झोनमध्ये जातात, म्हणजे परत येणं नाही. एस स्पेक मात्र रेडियंटसारखं, डेकमध्ये एकूण एकच. हे कार्ड पहिल्यांदा 2012 ला आलं आणि 2024 मध्ये परत आलं. एस स्पेक म्हणजे एखादा वेगळा प्रकार नाही हे लक्षात घ्या, ते आयटम असू शकतं, टूल, स्टेडियम किंवा स्पेशल एनर्जी पण. लेगसी एनर्जी बघा, एनर्जी आहे पण एस स्पेक आहे, ती लावली म्हणजे प्राइम कॅचर डेकमध्ये घेता येणार नाही. एवढं मात्र खरं की लेगसी एनर्जीवाला पोकेमॉन समोरच्याच्या हल्ल्याच्या डॅमेजनं पडला तर डावात एकदा समोरच्याला एक प्राइझ कमी मिळतं, दोन प्राइझचा हिशोब वर सांगितला तो आठवा, मग कळेल लोक एकच जागा असून ती का निवडतात.

ट्रेनर कार्डांचं, म्हणजे पोकेमॉन आणि एनर्जी सोडून बाकीच्या कार्डांचं, पटकन सांगतो. आयटम पाळीत कितीही. सपोर्टर पाळीत एकच, आणि जो पहिला खेळतो त्याला त्याच्या पहिल्या पाळीत सपोर्टर नाही, हल्ला पण नाही. स्टेडियम पाळीत एक, टेबलावर दोघांत मिळून एकच राहतं, नवीन टाकलं की जुनं गेलं, पण आत्ता आहे त्याच नावाचं परत टाकता येत नाही. टूल एका पोकेमॉनला एकच, आणि मन बदललं म्हणून काढून दुसरं लावता येत नाही. 2023 पासून टूल हा आयटमचा प्रकार राहिला नाही, वेगळा झाला. याचा फरक कुठं पडतो? बड्यू नावाचं 30 एचपीचं पिल्लू आहे, फुकटचा हल्ला, एकही एनर्जी न लावता 10 मारतं, आणि पुढच्या पाळीत समोरच्याला हातातून आयटम खेळता येत नाहीत. टूल चालतं, सपोर्टर चालतो, स्टेडियम चालतं, पण रेअर कँडी हे आयटम आहे, म्हणजे चार्मँडरवरून थेट चार्झार्डवर उडी बंद, चार्मेलियन (मधला स्टेज 1) हातात नसेल तर बसा बघत. चार्झार्डवाल्या पोराच्या डोळ्यात पाणी आणायला हे 30 एचपीचं बड्यू पुरतं. तुमच्या मुलाला सांगा, डेकमध्ये एक-दोन चार्मेलियन ठेवच, सगळं कँडीच्या भरवशावर नको. आणि रेअर कँडी पहिल्या पाळीत चालत नाही, याच पाळीत खाली ठेवलेल्या बेसिकवर पण चालत नाही, हे राहून गेलं होतं.

फॉसिल कार्ड पण आयटमच आहे. टेबलावर ठेवल्यावर ते बेसिक पोकेमॉनसारखं वागतं, पण डेकमध्ये असताना आयटम, म्हणून नेस्ट बॉलनं (डेकमधून बेसिक पोकेमॉन शोधणारं कार्ड) शोधता येत नाही.

चौथं, स्पेशल एनर्जी. कितीही चालते ती फक्त बेसिक एनर्जी. स्पेशलला इतर कार्डांसारखाच चारचा नियम, नावागणिक चार. खरी मेख दुसरीच आहे. कार्डावर ‘बेसिक फायर एनर्जी शोधा’ लिहिलं असेल तर फायर देणारी स्पेशल एनर्जी चालत नाही. वरची इन्फर्नल रेन त्यातलीच, ‘सगळे टाइप देते’ म्हणून लेगसी एनर्जी तिच्यानं काढायला गेलात तर नाही. आणि प्रत्येक स्पेशल एनर्जीखाली काहीतरी लिहिलेलं असतंच, ते वाचा. डबल टर्बो एका कार्डात दोन कलरलेस देते पण हल्ल्याचे 20 कमी करते, पोरं दोनचं लक्षात ठेवतात आणि वीस विसरतात, सोयीनं.

तो कोपऱ्यातला मार्क राहिला. अधिकृत स्पर्धेत स्टँडर्ड नावाचा प्रकार असतो, त्यात ठरावीक अक्षरांचीच कार्डं चालतात, दरवर्षी जुनं अक्षर बाद होतं. एप्रिल 2025 मध्ये एफ गेलं, त्याबरोबर डबल टर्बो गेली, रेडियंट गेले, व्हीमॅक्स आणि व्हीस्टार पण गेले. म्हणजे तुमच्या मुलाचा व्हीमॅक्स घरात पाहिजे तेवढा खेळू दे, स्टँडर्ड स्पर्धेला नाही. घरी खेळताना दोघांनी आधी ठरवून घ्यावं, सगळी पिढी चालेल का फक्त नवीन. माझं मत विचाराल तर शिकताना एकाच काळातली कार्डं बरी, जीएक्स, व्हीमॅक्स, मेगा एकत्र कालवले की मोठ्यांना पण हिशोब लागत नाही.

आणि ताई, एकदा कार्डं खरी आहेत का ते बघून घ्या. गड्ड्याच्या जत्रेत आणि दुकानादुकानांत दहा-वीस रुपयाच्या पाकिटात सोनेरी कार्डं मिळतात, त्यात बेसिक पिकाचूला व्हीमॅक्सचा हल्ला, कुठं एचपी हजारात, कुठं रूल बॉक्सच गायब. खेळायला हरकत नाही, पण त्यावर छापलेल्या मजकुरावरून नियमाचं भांडण सोडवायला गेलात तर सुटणारच नाही कारण मजकूरच चुकीचा आहे. पाठीमागचा निळा रंग फिका वाटतो, अक्षर जाड-बारीक असतं, खऱ्या कार्डाशेजारी ठेवलं की लगेच कळतं.

विकत घ्यायचंच असेल तर सुट्या पाकिटांवर पैसे घालू नका, त्यात डेक कधीच जमत नाही. 60 कार्डांचे तयार डेक मिळतात, दोघांना एकेक घेऊन द्या, दोन वेगळे, आणि पहिले काही दिवस त्यातलं एकही कार्ड बदलू देऊ नका.